यात्रेकरूंचे सेवक गाडगेबाबा

आषाढीची यात्रा पांगू लागली म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटाचे रूप पालटते. एकादशीस टाळमृदंगांच्या घोषाने दुमदुमून गेलेले ते वाळवंट द्वादशीचे पारणे होताच रिते होऊ लागते. दिंड्या आपापल्या गावांची वाट धरतात, पताका दिसेनाशा होतात आणि मागे उरतात त्या उष्ट्या पत्रावळी, फुटकी मडकी, चुलींची राख आणि घाण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा वेळी या वाळवंटात एक विलक्षण मनुष्य दृष्टीस पडे. निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र त्याच्या अंगावर असे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर मातीचे खापर आणि हातात खराटा, असा त्याचा वेष. लोक देवदर्शन घेऊन, पुण्य गाठीस बांधून परतत. आणि हा मनुष्य कंबर वाकवून त्यांनी मागे टाकलेली घाण झाडीत राही.

अनोळखी माणसाला तो वेडा वाटे. परंतु रात्र पडली आणि त्याच वाळवंटात हा मनुष्य कीर्तनाला उभा राहिला, म्हणजे त्याचे बोल ऐकण्यास हजारो लोक जमत. ज्याला सकाळी भिकारी म्हणून बाजूला सारले, त्याच्यासमोर रात्री मोठमोठे धनिक मान खाली घालून बसत. हेच संत गाडगेबाबा. महाराष्ट्रातील बहुतेक सर्व मोठी तीर्थक्षेत्रे त्यांनी पायांखाली घातली. मात्र तीर्थाला जाऊन स्वतःसाठी काही मागावे, असे त्यांना कधी वाटले नाही. तेथे येणाऱ्या दीनदुबळ्या यात्रेकरूला काय हवे आहे, एवढेच ते पाहत आले.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या पर्वणीस, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी, वडिलांचे नाव झिंगराजी आणि मातेचे सखूबाई. जानोरकर हे त्यांचे आडनाव. घरची स्थिती प्रथम बेताची होती. पुढे ती तितकीही राहिली नाही. झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले. त्या व्यसनापायी होते नव्हते ते गेले आणि शेवटी त्यांचा देहही त्यात पडला. डेबूजी तेव्हा लहान होता. निराधार झालेल्या सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या माहेरी आल्या.

मामांच्या घरी डेबूजी वाढला तो गुरांच्या संगतीत. शाळेचे दार त्याने पाहिले नाही आणि अक्षर त्याला कधी ओळखता आले नाही. परंतु श्रमाची त्याला उपजत आवड होती. गुरे राखावीत, गोठा झाडून लख्ख करावा, पुढे नांगर धरावा, पिकाची राखण करावी, यांत त्याचा दिवस जाई. रात्री गावात भजन असले म्हणजे तो हटकून तेथे जाऊन बसे. त्याच्या हातचे शेत आणि त्याच्या देखरेखीखालची गुरे पाहून गावकरी त्याचे कौतुक करीत. सन १८९२ मध्ये त्याचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. एक कष्टाळू आणि नेकीचा शेतकरी म्हणून त्याचे आयुष्य गेले असते. परंतु या घरावर कर्जाची सावली पडली होती.

त्याचे मामा चंद्रभान सरळ मनाचे, परंतु निरक्षर. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी विश्वासाने अंगठा उठवावा आणि व्याजाचा आकडा सावकाराने आपल्या वहीत वाढवीत न्यावा, असे चालले. एके दिवशी कष्टाने कसलेली जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. पित्याला मद्याने नेले आणि मामाला कर्जाने. ही दोन्ही मरणे डेबूजीने जवळून पाहिली. अक्षरशत्रू माणूस किती सहज लुबाडला जातो, हेही त्याने पाहिले. पुढील आयुष्यात त्यांनी हजारो कीर्तनांतून मद्य, कर्ज आणि अज्ञान यांवर जो प्रहार केला, त्याच्या मागे या घरातील दुःखाची धग होती.

त्याच्या मनाचा कणखरपणा एका घरगुती प्रसंगाने गावाच्या प्रत्ययास आला. त्याला कन्या झाली, तेव्हा बारशाच्या निमित्ताने जातभाईंना मद्य आणि मांस यांचे जेवण देण्याची त्या काळची रीत होती. त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी लोक मागेपुढे पाहत नसत. डेबूजीने ही रीत मोडली आणि पंगतीला गोडधोड वाढले. जातभाई रागावले, कुरकुरले; परंतु तो आपल्या निश्चयापासून ढळला नाही. लोक काय म्हणतील या भीतीने माणसे आपले घर बुडवितात, हे त्याला कळून चुकले होते.

शेती चालू होती, संसार वाढत होता. परंतु त्याचे चित्त त्यात रमेना. आपल्या घरावर जे ओढवले, तेच घरोघरी ओढवत आहे, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. अखेर १ फेब्रुवारी १९०५ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डेबूजीने घर सोडले. त्या दिवसापासून त्याची पायपीट सुरू झाली. ऊन, पाऊस, थंडी यांची पर्वा न करता तो गावोगाव आणि तीर्थोतीर्थी हिंडू लागला. गावात शिरावे ते खराटा हाती घेऊनच. रस्ते, चावडी, देवळाचे आवार झाडावे. कोणाच्या घरची लाकडे फोडावीत. मग दारी उभे राहून चटणीभाकर मागावी, ती गाडग्यात घ्यावी आणि गावाबाहेर झाडाखाली बसून खावी. पाणी प्यावयाचे त्याच भांड्यात आणि तेच उपडे करून उन्हात डोक्यावर घालावयाचे. त्या मातीच्या भांड्यावरूनच गाडगेबाबा हे नाव रूढ झाले. कोठे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, कोठे चिंधेबुवा, तर कोठे लोटके महाराज.

या भटकंतीत बाबांनी तीर्थक्षेत्रांचे जे रूप पाहिले, ते पोथ्यांत वर्णिलेल्या रूपाहून निराळे होते. पोथीत तीर्थाचे माहात्म्य असते. तीर्थाला जाणाऱ्याचे हाल त्यात लिहिलेले नसतात. दूरच्या खेड्यातून पायी निघालेला गरीब मनुष्य आठ-पंधरा दिवस चालून क्षेत्री पोहोचे. ज्याच्याजवळ पैसा असे, तो क्षेत्रोपाध्यायाच्या वाड्यात किंवा ओळखीच्या घरी उतरे. गरिबाला मात्र उघड्या आभाळाखाली पथारी पसरावी लागे. पावसाने चिंब भिजलेली लेकुरवाळी बाई एखाद्या भिंतीच्या आडोशाला रात्र काढी. ज्या नदीत स्नान, तिच्यातच धुणे आणि तिचेच पाणी पिण्यास, अशी अवस्था असे. त्यातून पटकीची साथ उद्भवे आणि देवाच्या दारी आलेली माणसे वाटेतच दगावत. यात्रेबरोबर गावोगाव पसरणाऱ्या पटकीची त्या काळी सर्वांनाच धास्ती असे. हे हाल दूर करणे हीच आपली उपासना, असे बाबांनी ठरविले.

या उपासनेचा आरंभ मात्र पंढरपुरात झाला नाही. तो वऱ्हाडातील ऋणमोचन या लहानशा क्षेत्री झाला. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी वसलेल्या या गावी मुद्गलेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते आणि आसपासच्या खेड्यांतील लोक पूर्णेच्या स्नानासाठी लोटतात. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. कर्जाने ज्याचे आजोळ बुडविले, त्या माणसाचा या क्षेत्राकडे ओढा असावा, यात नवल नाही.

घर सोडल्यानंतर काही काळाने या यात्रेत बाबा प्रकटले. नदीचा काठ उंच आणि मातीचा होता. ओल्या पायांनी लोक वर चढू लागले म्हणजे चिखल होई, पाय घसरत, म्हातारी माणसे आणि डोईवर घागर घेतलेल्या स्त्रिया पडत. शेकडो लोक दरवर्षी हे पाहत आणि हळहळून पुढे जात. बाबांनी मात्र कुदळ हाती घेतली. त्यांनी काठावर पायऱ्या खोदल्या, दगड आणून बसविले आणि चढणाऱ्यांना हात दिला. चिंध्या पांघरलेला हा मनुष्य काय करतो आहे, हे लोक प्रथम नुसते पाहत उभे राहिले. मग एकाने दगड उचलला, दुसऱ्याने माती ओढली. गर्दीत असलेल्या आप्तांनी त्यांना ओळखले. आई आणि पत्नी यांनी घरी परत चलण्याविषयी विनविले. परंतु बाबांनी ते मानले नाही. आता सर्वांचेच घर ते माझे घर, अशी त्यांची वृत्ती झाली होती. पुढे सन १९०८ मध्ये पूर्णेच्या काठी पक्का घाट उभा राहिला. बाबांच्या हातून झालेले हे पहिले मोठे लोकोपयोगी बांधकाम होय.

येथेच त्यांच्या कार्याची पद्धतही ठरून गेली. आधी स्वतः राबावयाचे, मग कीर्तनातून लोकांना राबण्याची आणि देण्याची प्रेरणा द्यावयाची, आणि काम पुरे झाले की त्यावर आपला हक्क न ठेवता पुढची वाट धरावयाची. जी माणसे बाबांनी जमविली, त्यांना त्यांनी कधी शिष्य म्हटले नाही. कोणी पाया पडू लागल्यास ते मागे सरत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते वारंवार सांगत.

ऋणमोचनच्या घाटावर ज्या हातांनी दगड बसविले, ते हात पुढे पंढरपुरात एका अधिक कठीण कार्यास लागले. पंढरीचा विठोबा हा गोरगरिबांचा देव मानला जातो. परंतु त्या काळी महार, मांग, चांभार इत्यादी समाजांतील वारकऱ्यांना अस्पृश्य मानून त्याच्या मंदिरात प्रवेश दिला जात नसे. शेकडो कोस चालून आलेल्या या भक्तांना महाद्वारापाशीच थांबावे लागे. तेथे संत चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबांनी आयुष्यभर विठ्ठलाचे नाम घेतले. परंतु त्यांचे स्थान महाद्वाराच्या बाहेरच राहिले. त्यांच्या देहावसानास सहा शतके होत आली, तरी त्यांच्या बांधवांचे स्थान तसूभरही आत सरकले नव्हते. देवळात जागा नव्हती हे तर खरेच. परंतु गावातील धर्मशाळा, मठ आणि वाडे यांतही त्यांना जागा नव्हती. आषाढाच्या पावसात त्यांनी राहावे कोठे, हा प्रश्न कोणाला पडत नसे.

तो प्रश्न बाबांना पडला. त्यांनी पंढरपुरात या यात्रेकरूंसाठी स्वतंत्र धर्मशाळा बांधण्याचा संकल्प केला आणि सन १९१७ मध्ये तो सिद्धीस नेण्यास आरंभ केला. गावोगावच्या कीर्तनांतून बाबांनी लोकांपुढे हे दुःख मांडले. ज्याने रुपया दिला त्याचा रुपया घेतला, ज्याने पैसा दिला त्याचा पैसा घेतला, आणि ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याचे श्रम घेतले. अशा रीतीने जी भव्य वास्तू उभी राहिली, तिला चोखामेळा धर्मशाळा असे नाव देण्यात आले. ज्या संताला महाद्वाराबाहेर ठेवले गेले, त्याच्या नावाने त्याच क्षेत्री आता एक हक्काचे छप्पर झाले. पंढरीस येऊन भिजत रात्र काढणाऱ्या भाविकाला त्या छपराखाली पाठ टेकता आली, चूल पेटविता आली, आपली म्हणता येईल अशी जागा मिळाली.

यानंतर बाबांनी क्षेत्रामागून क्षेत्र घेतले. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर या ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. नाशिकला गोदावरीच्या परिसरात अंध, पंगू आणि निराधार यांच्यासाठी सदावर्त सुरू झाले. मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे कार्य आणि विद्यालय निघाले. मुंबईला खेड्यापाड्यांतून उपचारांसाठी येणाऱ्या रोग्यांचे व त्यांच्या नातलगांचे हाल पाहून तेथील मोठ्या रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा बांधविली. वास्तविक रुग्णालय हे काही तीर्थक्षेत्र नव्हे. परंतु परगावी, पैशाविना आणि ओळखीविना आलेला गरीब मनुष्य पंढरीस असो वा मुंबईस, त्याची अडचण एकच असते, हे बाबा जाणून होते.

धर्मशाळेची वास्तू उभी करून बाबा थांबत नसत. ती स्वच्छ राहावी, तेथे पाण्याची सोय असावी, तिच्या व्यवहाराचा हिशेब चोख असावा, याविषयी त्यांचा कटाक्ष असे. सर्व इमारती त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपविल्या आणि आपल्या कुटुंबीयांचा त्यांवर काडीइतकाही हक्क ठेवला नाही. लाखो रुपयांच्या वास्तू त्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या; परंतु त्या बांधणाऱ्याची स्वतःची संपत्ती म्हणजे एक गाडगे, एक खराटा, एक काठी आणि अंगावरच्या चिंध्या. दुसऱ्यांसाठी ओवऱ्या बांधून ते स्वतः बहुधा झाडाखाली किंवा उघड्यावर निजत. धर्मशाळेतील अन्नाला आपण हात लावला तर गरिबाच्या तोंडचा घास जाईल, ही जाणीव त्यांना असे.

ही सर्व कामे ज्या एका साधनाने झाली, ते म्हणजे बाबांचे कीर्तन. त्यांच्या कीर्तनाला ना व्यासपीठ लागे, ना पखवाज. हाताशी सापडतील ते दोन दगड किंवा टिपऱ्या यांच्या तालावर नामघोष सुरू होई आणि पाहता पाहता सारे मैदान त्यात सामील होई. मग बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारू लागत. प्रश्न अगदी साधे असत. परंतु त्यांची उत्तरे देता देता श्रोत्याला आपलीच चूक उमगत जाई. भाषा वऱ्हाडी, थेट शेतकऱ्याच्या बांधावरची. उदाहरणे घरातली. हसविता हसविता बाबा लोकांच्या डोळ्यांत पाणी आणीत.

तीर्थयात्रेविषयीचे आपले विचारही ते या कीर्तनांतूनच सांगत. कर्ज काढून यात्रा करू नये. घरी उपाशी आईबाप ठेवून देवाला नैवेद्य दाखवू नये. मुलांच्या शिक्षणाचा पैसा सणावारांत उधळू नये, असा त्यांचा उपदेश असे. जत्रेत नवसापोटी बकरी-कोंबडी कापण्याच्या प्रथेविरुद्ध ते कळवळून बोलत, आणि त्यांच्या कीर्तनानंतर कित्येक गावांनी ती प्रथा सोडून दिली. दगडाच्या मूर्तीसमोर दिवा लावणाऱ्याने शेजारच्या भुकेल्या मुलाकडे पाठ फिरवू नये, हे त्यांच्या सांगण्याचे सार होते. देवाची निंदा त्यांनी केली नाही. देवाच्या नावाने चालणाऱ्या अविचाराची मात्र त्यांनी गय केली नाही. पंढरीच्या वाऱ्या त्यांनी वर्षानुवर्षे केल्या. परंतु दर्शनाच्या रांगेत ते सहसा दिसत नसत. रांगेत उभ्या असलेल्या माणसांची पायवाट झाडण्यात त्यांचा वेळ जाई.

या निष्ठेची कसोटी पाहणारा प्रसंग सन १९२३ मध्ये ओढवला. त्यांचा तरुण मुलगा गोविंदा मृत्यू पावला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे होते. ती वार्ता त्यांना समजली, परंतु त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुत्रशोक त्यांना झाला नसेल असे कोण म्हणेल? परंतु रोज कितीएक मायबापांची मुले औषधावाचून आणि अन्नावाचून मरत असता केवळ आपल्या मुलासाठी रडत बसणे त्यांच्या मनाला पटले नाही. सर्वांचे घर ते आपले घर, हे ऋणमोचनच्या काठी त्यांनी जे ठरविले होते, त्याचे मोल त्यांना असे द्यावे लागले. त्यांच्या आई आणि पत्नी यांनीही हे मोल काही कमी दिले नाही. बाबांच्या त्यागाची कथा सांगताना या दोन स्त्रियांनी मुकाट्याने सोसलेले कष्ट विसरता येत नाहीत.

काळ पालटत होता. सन १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवसांचे उपोषण केले आणि विठ्ठलाचे मंदिर सर्वांस खुले झाले. चोखामेळा धर्मशाळेचा पाया घातला गेला त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती. महाद्वाराबाहेर थांबणारी माणसे आता आत जाऊ लागली. मग त्यांच्यासाठी वेगळ्या बांधलेल्या धर्मशाळेचे प्रयोजन काय उरले? बाबांनी याचेही उत्तर शोधून काढले. त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी अपार आदर होता आणि बाबासाहेबांनाही या निरक्षर संताविषयी तितकाच जिव्हाळा होता. सन १९४९ मध्ये बाबांनी चोखामेळा धर्मशाळेची वास्तू बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या छपराखाली वाटसरूंनी विसावा घेतला, ते छप्पर आता विद्येच्या कार्यासाठी देण्यात आले. देवळापर्यंतची वाट मोकळी झाली होती. शाळेपर्यंतची वाट मोकळी करावयाची होती.

विद्येविषयी बाबांची तळमळ विलक्षण होती. अंगठ्याच्या एका ठशाने ज्याच्या मामाची जमीन गेली, त्याला अक्षराचे मोल कोणी समजावून सांगावयास नको होते. जेवणाचे ताट मोडावे, हातावर भाकर घेऊन खावी, परंतु मुलाला शिकविल्याविना राहू नये, असे ते कळकळीने सांगत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कार्यास त्यांनी मनःपूर्वक साह्य केले. या संस्थेने सन १९५४ मध्ये कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराज यांचेच नाव दिले. स्वतः एकही अक्षर न वाचलेल्या पुरुषाचे नाव महाविद्यालयाच्या दारावर झळकले. तत्पूर्वी, सन १९५२ मध्ये, ठिकठिकाणच्या संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले होते.

वय ऐंशीच्या घरात गेले, शरीर थकले, आजाराने ग्रासले. तरी पायांची वणवण थांबली नाही. सन १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्रे येथे केलेले त्यांचे कीर्तन अखेरचे ठरले. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. त्या वार्तेने आधीच खचलेल्या बाबांच्या मनाला मोठा आघात बसला. पुढे दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या परिसरात पेढी नदीच्या काठी, प्रवासात असतानाच बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर जो वाटेवर राहिला, त्याला मरणही वाटेवरच आले. आपल्या मागे आपले देऊळ बांधू नये, मूर्ती उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्यावर अमरावतीस अंत्यसंस्कार झाले. तो परिसर आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. अमरावतीच्या विद्यापीठालाही पुढे त्यांचे नाव देण्यात आले, आणि महाराष्ट्र शासनाने सन २००० नंतर गावोगाव सुरू केलेले ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने चालले.

महाराष्ट्रात तीर्थक्षेत्रे पुष्कळ आहेत आणि त्यांची माहात्म्ये वर्णन करणारेही पुष्कळ झाले. काहींनी तेथे सोन्याचे कळस चढविले, काहींनी मूर्तीला रत्ने वाहिली. गाडगेबाबांनी कळसाकडे न पाहता पायरीकडे पाहिले. ती निसरडी आहे काय, तिच्यावर घाण साचली आहे काय, तिच्यापाशी कोणाला अडविले जात आहे काय, हे पाहणे त्यांनी आपले काम मानले. आजही आषाढी सरते, दिंड्या परततात आणि वाळवंट रिते होते. मागे पडलेला केरकचरा उचलण्यासाठी त्या वेळी जो कोणी वाकतो, त्याच्या हातून बाबांचेच काम पुढे चालू राहते.